भात कुठवर आला गं

त्या सकाळी आपण दोघं ओट्यावर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले वाल, कोमट पाण्यात टाकलेले. तू चिमटीत दाबलंस की डाळिंबी सुळकन बाहेर यायची, आणि माझ्याकडून दर चार दाण्यांत एक मोडायचा. तू मोडलेले दाणे उचलून वेगळे ठेवत होतीस, मला दिसतील असे. तोंडानं काही बोलत नव्हतीस. आदल्या दिवसापासून बोलत नव्हतीस. मग एकदाच म्हणालीस, "बोटं हायत का पहारी?"

मी म्हणालो, "पहारीनंच पोट भरलंय तुझं."

ते खरंच होतं. घाटात रूळ घालायचं काम निघालं तेव्हापासून मी पहार धरली, आणि गुडघे गेले तेव्हा मला पळसदरीच्या खालच्या अंगाला हे फाटक दिलं. फाटक, फाटकाशेजारची खोली, दोन बावटे, एक कंदील आणि एक बोर्ड. त्याला वीस वर्षं झाली. तुझं पोट मी भरलं, हे वीस वर्षं तुला ऐकवलं. आता ऐकायला तू नाहीस, आणि ते दुसऱ्या कुणाला ऐकवण्यासारखं नाही.

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं, असं परवा चार जण मला सांगून गेले. मी बोलणार नाही. तू मूर्खासारखी गेलीस. फाटकवाल्याची बायको, आणि रुळावर गेलीस. कुणा परगावच्या नवख्या बाईचं असतं तर मी समजलो असतो. तुला काय माहीत नव्हतं?

आपल्या इथं गाडी घाट चढते तेव्हा तिला पुढून एक इंजिन ओढतं आणि मागून एक ढकलतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या मागच्याला आपण ढकल्या म्हणतो. गाडी वर पोचवली की ढकल्या एकटाच परत उतरतो. चढताना तो अख्ख्या खोऱ्याला ऐकू जातो, पण उतरताना आवाज नाही. उतारावर वाफ बंद करून येतो, मांजरासारखा. माणूस बघतो, गाडी गेली, आता काय आहे, आणि पाऊल टाकतो. म्हणून गाडी वर गेल्यावर ढकल्या उतरेपर्यंत मी फाटक उघडत नाही. म्हणून तो बोर्ड आहे. थांबा. दोन्ही अंगांस पाहा. एवढंच लिहिलंय त्याच्यावर. किती वेळ थांबा ते लिहिलेलं नाही, कारण ते लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

तुला मात्र माहीत होतं. तू तुझा हिशोब काढला होतास. गाडी वर गेली की तू चुलीवर भात ठेवायचीस. भात शिजून उतरवायला आणि ढकल्या उतरायला एकच गाठ पडायची. एकदा पडली, दहादा पडली, मग तुझा तो नेमच झाला. आणि तेवढ्यावर थांबलीस का? गावभर केलंस. बाया डोक्यावर भारे घेऊन फाटकाशी यायच्या, माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत, खोलीच्या दाराकडं तोंड करून विचारायच्या, "भात कुठवर आला गं?"

तू आतून सांगायचीस, "आत्ताच ठेवलाय, जा पटकन." नाहीतर, "उकळी फुटली, थांबा गं बायांनो."

मग त्या फाटकाला वळसा घालून वरच्या पायवाटेनं रूळ ओलांडायच्या, घाटाच्या अंगाला, जिथं डोंगर फोडून केलेल्या कटाईतून वळण बाहेर येतं. मी इथं लाल बावटा घेऊन उभा. माझ्या अंगात सरकारी कोट. आणि माणसं तुझ्या पातेलीला विचारून चाललीत.

यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, "बोर्डावर लिहिलंय ते बघ."

तू म्हणायचीस, "तुमच्या बोर्डाला वाफ येते का? माज्या भाताला येते."

ओट्यावरच्या बाया हसायच्या. तुला माणसं हसवायला आवडायचं, आणि माझ्यावरून हसवायला जास्त आवडायचं.

तोच बोर्ड दर पावसाळ्यानंतर तू रंगवायचीस. मी चुना लावून द्यायचो, आणि काजळी तेलात खलून तू अक्षरं काळी करायचीस. एक अक्षर वाचता येत नव्हतं तुला, पण काडी अशी फिरवायचीस की काना इकडचा तिकडं जात नसे. मला ही चार अक्षरं स्टेशनातल्या एका कारकुनानं शिकवली. मी तुला शिकवायला बसलो दोनदा. दोन्ही वेळा मीच ओरडून उठलो. तू म्हणालीस, "मला काय करायचं वाचून, लिहिते तर मीच हाय." तेव्हा मला राग आला होता. अजूनही आहे.

आता आदल्या दिवसाचं. तुझा भाऊ धर्मा बैलगाडी घेऊन आला, रुळापलीकडच्या गावातून, आपल्याकडं जेवायला. सोबत त्याची बायको. फाल्गुनातलं ऊन. गाडी नुकतीच वर गेली होती. त्यानं बैलांवरूनच आवाज दिला, "दाजी, उघडा."

मी म्हणालो, "थांब. ढकल्या उतरू दे."

"आक्का आतून सांगतेय भात आत्ताच ठेवलाय म्हणून."

"फाटक आक्काचं नाय."

तो थांबला थोडा वेळ. बैल माशा हाणत होते. चार माणसं मागं येऊन उभी राहिली आणि त्यांच्यातला एक बोलला, सख्ख्या मेव्हण्याला पण दार बंद. धर्मानं बैलगाडी वळवली आणि घरी गेला, उपाशी. ढकल्या उतरला तेव्हा तुझा भात बरोबर झालेला होता. तू पातेली उतरवून दारात आणून ठेवलीस, माझ्या समोर, आणि आत गेलीस.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगून टाकतो. मला बरं वाटलं. तुझ्या भावाला उन्हात उभा केला याचं नाही, तुझा भात चालला नाही याचं. बस.

तर दुसऱ्या दिवशी वाल सोलून झाले. तू बिरडं केलंस, नारळ घालून. खालची मालगाडी आली, धडधडत वर गेली, मागं ढकल्या. तू भात चुलीवर ठेवलास. बिरड्याचा वाडगा घेतलास, वर पळसाचं पान झाकलंस आणि फाटकाशी आलीस. धर्माच्या घरी निघाली होतीस, त्याची समजूत घालायला. तीन-चार माणसं उभी होती. सगळ्यांसमोर म्हणालीस, "उघडा. भात उकळायच्या आत परत येते."

मी म्हणालो, "थांब."

"आत्ताच ठेवलाय."

"बोर्ड वाच."

तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "मला वाचता येत नाय. तुमाला येतं ना, तुमी वाचत बसा."

आणि वरच्या पायवाटेकडं निघालीस.

मी तुला त्या वेळी फाटकातून सोडलं असतं तर तू पलीकडं पोचली असतीस. वेळ होता. हे मला ठाऊक आहे, धर्मानं छातीवर हात मारून सांगायची गरज नव्हती. स्मशानातनं परतताना तो मला म्हणाला, "दाजी, तुमी दार लावलं म्हणून ती आडवाटेला गेली." मी म्हणालो, उद्या तू आलास तरी लावीन. त्यानं माझ्या अंगावर हात टाकला असता, लोकांनी धरला. धरायला नको होता.

कारण अजून एक गोष्ट आहे, ती त्याला माहीत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस ढकल्या लवकर उतरला होता. गाडी आखूड होती, रिकामे डबे, तर त्याला अर्ध्या घाटातूनच सोडून दिला. तू तेव्हा मागच्या अंगाला कपडे धूत होतीस, तुला दिसलं नाही. तुझा भात चुलीवर कच्चा होता. मी बघितलं. म्हणजे तुझा नेम कायम बरोबर नाही, हे मला आठ महिने माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही. का नाही? आपण तेव्हा कशावरून तरी बोलत नव्हतो, हे एक. आणि दुसरं असं, की मला वाटायचं, एक दिवस तुझा भात सगळ्या बायांच्या देखत खोटा पडावा. ढकल्या यावा, तुझं पाणी गार असावं, आणि त्यांनी वळून माझ्या बोर्डाकडं बघावं. असं झालं म्हणजे तू मान खाली घालशील आणि मी काही बोलणार नाही, नुसता उभा राहीन, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तू गेलीस त्या दिवशीची मालगाडीही आखूड होती. मी डबे मोजले नाहीत. मी तुझ्याशी भांडत होतो.

तू वळणाशी पोचलीस. हातात वाडगा, म्हणून पायाकडं बघत चाललीस, खडीवरनं. पहिला रूळ ओलांडलास. दोन रुळांच्या मधे आलीस. आणि मला तुझ्या पाठीमागं कटाईतून ढकल्याचं तोंड दिसलं. धूर नाही, आवाज नाही. मी ओरडलो.

काय ओरडलो?

वीस वर्षं दिवसातनं शंभरदा जे ओरडलो तेच. म्हशीला, भारेवाल्यांना, तुझ्या भावाला, तुला. तोंडातून दुसरं काही निघालंच नाही. "थांब."

आणि तू थांबलीस.

चाळीस वर्षांच्या संसारात तू माझं कधी ऐकलं नाहीस. चूल कुठं मांडायची, पोरीला कुठल्या गावी द्यायची, मिठाला किती हात सोडायचा, कशात नाही. त्या दिवशी ऐकलंस. रुळांच्या मधोमध थांबलीस आणि माझ्याकडं वळून बघितलंस. राग होता तुझ्या तोंडावर, मला इतक्या लांबून दिसला. आता काय काढलंय यानं, असा. मग शिटी झाली. ती उशिरा झाली.

"पळ" म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द. मी रात्रंदिवस तो शब्द तोंडात घोळवतो. आता तो झटकन येतो.

दुपारी वरून साहेब आला. स्टेशनातला कारकून बरोबर. विचारलं, फाटक बंद होतं का? होतं. बोर्ड जागेवर होता का? होता. वाचता येण्यासारखा होता का? मी म्हणालो, होता, मेलेलीनंच रंगवलाय. कारकुनानं ते साहेबाला सांगितलं नाही. मग तिथं उभ्या असलेल्या माणसांना विचारलं. ते म्हणाले, यानं जोरात ओरडून थांब म्हणून सांगितलं. साहेबानं ते लिहून घेतलं. बाईला थांबण्याची सूचना दिली होती, फाटकवाल्याचा दोष नाही. कारकुनानं मला वाचून दाखवलं, चांगली बातमी दिल्यासारखं. मी अंगठा उठवला नाही, सही केली. येते मला.

मग गाव. पुरुष म्हणाले, लोखंडाच्या रस्त्याला दर काही वर्षांनी एक माणूस लागतो. रस्त्याला काही लागत नाही. रस्ता कुणाच्या घरी आला नव्हता बोलवायला. बाया म्हणाल्या, सवाष्ण गेली, कुंकू लावून गेली, सोनं झालं तिचं. मी म्हणालो, सोनं झालं तर तुम्हीही जा, वळणावर जागा आहे. तेव्हापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. बरं आहे.

तू असतीस तर म्हणाली असतीस, तोंड आहे का गटार. पण तुझ्याही तोंडाला कुठं झाकण होतं? मला हिवताप आला होता त्या साली, आठ दिवस मी आत गोधडीखाली दात वाजवत पडलो होतो आणि बाहेर तू माझा कोट घालून बावटा धरून उभी होतीस. बदली माणूस मागितला तर मला काढून टाकतील म्हणून कुणाला कळू दिलं नाहीस. मी आतून ऐकायचो. "ए गाढवा, बावटा दिसत नाय? डोळे घरी ठेवलेस?" माझ्यापेक्षा कडक होतीस. त्या आठ दिवसांत तू एकालाही भात विचारू दिला नाहीस. चुलीवर काही नव्हतंच, पेज शेजारून यायची. मी बरा होऊन बाहेर आलो तर कोट घडी करून खुंटीला लावलेला, आणि तू काही बोलली नाहीस. मीही नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्यामुळं माझं फाटक राहिलं, हे मी तुला आता सांगतो. उशीर झाला हे मला कळतं.

आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. कोट घातलास तेव्हा तुला बोर्डाचा अर्थ बरोबर कळत होता. कोट काढलास की भात.

पुन्हा ती वेळ आली तर मी फाटक उघडीन का? हे मी स्वतःला विचारलं. नाही उघडणार. तू मला हजार बोल लाव. पण आखूड गाडीचं सांगीन. डोळ्यांत डोळे घालून सांगीन, की बाई, तुझा भात खोटा पडला होता, मी बघितलाय, तू नको जाऊस. तुझी मान खाली जाईल की नाही याचा विचार करणार नाही. आणि वाल सोलताना दाणे सांभाळून धरीन.

तुला आणून ठेवलं तेव्हा आतून करपल्याचा वास येत होता. भात चुलीवरच राहिला होता. कुणाचं लक्ष नव्हतं. तुला नेऊन आलो तोवर तो पातेलीला कोळशासारखा धरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि ती पातेली घेऊन बसलो. घरात सुतक, चूल पेटवायची नाही, शेजारून भाकरी येणार. बदली माणूस आला होता. मी त्याला ओट्यावर बसवला, म्हटलं बस, मी आहे. राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, पातेली घासली. बराच वेळ गेला. तळ पांढरा झाला तेव्हा ती पालथी घातली आणि कोट चढवून फाटकाशी गेलो.

सकाळची गाडी आली, वर गेली. मागं ढकल्या गेला. पलीकडच्या बाजूला दोन बाया हळदकुंकू घेऊन आल्या होत्या, वळणावर तुझ्या जागी वाहायला. रुळावर. मी त्यांना बोललो नाही, नुसता लाल बावटा आडवा धरला. त्या तिथंच उभ्या राहिल्या. अलीकडून पुरुष आले, कर्जतला निघालेले. तेही उभे राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी कुरकुर केली नाही. त्याचीही मला चीड आली. बोर्ड तोच होता.

मग वरच्या वाडीची एक म्हातारी ठाकरीण आली, डोक्यावर लाकडाची मोळी. ती बाजारालाच खाली उतरते, तिला काही कळलेलं नव्हतं. माझ्याकडं न बघता खोलीच्या दाराकडं तोंड करून तिनं विचारलं, "भात कुठवर आला गं?"

पुरुषांनी माना खाली घातल्या. पलीकडची एक बाई रडायला लागली. म्हातारी दाराकडं बघत वाट बघत होती.

मला थांब म्हणायचं होतं. ते तोंडात आलं आणि तिथंच राहिलं.

मी म्हणालो, "या घरात चूल पेटली नाय, आजी."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या उभ्या माणसांकडं, मग वळणाकडं. मोळी खाली टाकली आणि बोर्डाच्या खांबाला पाठ लावून बसली, तू काळ्या केलेल्या अक्षरांखाली.

ढकल्या त्या दिवशी फार उशिरा उतरला. तो खाली दिसेनासा होईपर्यंत मी बघितलं. दोन्ही अंगांना पुन्हा एकदा बघितलं. मग फाटक उघडलं.